आपला पाल्य अजून लाल आहे

१ सप्टेंबर, सकाळ

आजपासून रोजनिशी. पुढच्या महिन्याभरात जे घडणार आहे ते कुठेतरी लिहिलेलं असावं, म्हणजे नंतर प्रत्येकाला मी सांगत बसायला नको.

काल स्टाफ मीटिंग. आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक: मुलं कमी झाली, सहावीची एक तुकडी बंद होणार. गणिताचे शिक्षक मात्र दोन, मी आणि नव्या बाई. ऑक्टोबरपासून दोघांतल्या एकाची बदली नदीपलीकडच्या शाखेत. दोन: संस्थेला वर्गात वापरायला एखादं शैक्षणिक ॲप घ्यायचंय. बाजारात ढीगभर आहेत. कुणीतरी तपासून अहवाल द्या.

पहिली गोष्ट ऐकून हातातला चहा खाली ठेवला. दुसरी ऐकून हात वर केला. लग्नाला हो म्हणतानाही मी इतकी घाई केली नव्हती.

विचार सरळ आहे. शाळा ॲप घेणार, ॲप फक्त मला समजणार, मग मला नदीपलीकडे कोण पाठवेल? नव्या बाईंना फक्त शिकवता येतं.

संकल्प: रोज एक ॲप तपासायचं. चिडायचं नाही. चहा दिवसाला दोनच कप.

१ सप्टेंबर, संध्याकाळ

चहा पाच कप. जबाबदारी वाढली की असं होतंच.

बदलीला मी घाबरत नाही, हे इथे स्पष्ट करतो. प्रश्न नानांचा आहे. नाना म्हणजे माझे वडील, वय ब्याऐंशी, रिटायर्ड हेडमास्तर. शाळा गल्लीच्या टोकाला असल्यामुळे मधल्या सुट्टीत मी घरी येतो आणि त्यांना जेवायला वाढतो. स्वतः गरम करून घेतलं तर गॅस चालू ठेवून वाचत बसतात. ही औषधांच्या दुकानात काउंटरवर, घरी यायला सात वाजतात. लेक हॉस्टेलवर. नदीपलीकडे जायचं तर दोन बस. मधल्या सुट्टीत येणं विसरा. मग दुपारी नानांकडे कोण बघणार, हा विचार एकदा डोक्यात शिरला की निघत नाही.

म्हणून बदली होणारच नाही. विषय संपला.

३ सप्टेंबर

‘ॲप मूल्यमापन समिती’ स्थापन. अध्यक्ष मी. सदस्यही मीच, त्यामुळे मतभेद नाहीत.

ॲप एकही उघडलं नाही. आधी निकष हवेत. चौदा निकष ठरवले. सोपेपणा, रंग, आवाज, गोडी वगैरे. दोन दिवस तक्त्याला चौकट कुठली द्यायची यात गेले. नव्या बाईंनी विचारलं की मुलांना गणित येतं का, हा निकष कितवा? मी हसलो. नंतर बघितलं तर नव्हता. पंधरावा घातला.

५ सप्टेंबर

प्रत्यक्ष कामाला सुरुवात. माझी पद्धत शास्त्रीय आहे. प्रत्येक ॲपमध्ये एकदा शिक्षक म्हणून शिरायचं आणि एकदा विद्यार्थी म्हणून. विद्यार्थी म्हणून शिरताना पालकाचा फोन नंबर मागतात. माझा नंबर शिक्षकाच्या खात्यात अडकला होता. हिला मागितला तर म्हणाली, बँकेचे, गॅसवाल्याचे आणि तुमच्या बहिणीचे मेसेज वाचून माझे डोळे गेलेत, माझा नंबर कुणाला द्याल तर बघा. नानांचा फोन नुसताच उशाशी पडलेला असतो. त्यांचा दिला. विद्यार्थ्याच्या नावापुढे ‘खरं नाव लिही, मित्रा!’ असं होतं, म्हणून माझंच लिहिलं. इयत्ता सहावी.

पहिलं ॲप उत्तर द्यायच्या आधीच टाळ्या वाजवतं. बाद. दुसरं प्रत्येक बेरजेनंतर साबणाची जाहिरात दाखवतं. बाद. तिसऱ्यात एक हत्ती आहे. उत्तर बरोबर आलं तर तो सोंडेने फूल देतो. चुकलं तर पाय घसरून चिखलात पडतो. धपाक. हे ॲप बरं वाटलं.

६ सप्टेंबर

नानांच्या फोनवर मेसेज आला: ‘आपल्या पाल्याने आज सराव केला नाही.’ नानांनी भिंग लावून तीन वेळा मोठ्याने वाचला. मेसेज आठ वाजता आला म्हणाले. मी सांगितलं तीन वाजता. इंग्रजी तीन आणि आठ त्यांना हल्ली सारखेच दिसतात, पण कबूल करतील तर ते नाना कसले. वाद अर्धा तास.

मग विचारलं, पाल्य कोण? मी शास्त्रीय पद्धत नीट समजावून सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ते सगळं ठीक आहे, पण सराव का केला नाही?

८ सप्टेंबर

हत्तीच्या ॲपने माझी पातळी तपासायला प्रश्न दिले. सहावीचे प्रश्न! सव्वीस वर्षं हेच शिकवतोय. चहा पीत पीत सोडवले.

निकाल: लाल पट्टा. या ॲपात तीन पट्टे आहेत, लाल, पिवळा, हिरवा. लाल म्हणजे सगळ्यात खाली.

कारणं अशी. एक, स्क्रीन लहान. दोन, मध्येच दाराची बेल वाजली. तीन, ॲपला नियम चालत नाही. अपूर्णांकाचा भागाकार म्हणजे दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं, हे शेंबडं पोर सांगेल. पण इथे हत्ती म्हणतो, ‘नियम नको, चित्र काढून दाखव, मित्रा!’ चित्र काढायला मी काय ड्रॉइंग टीचर आहे? कंपनीला कडक शब्दांत तक्रार पाठवली. उत्तर आलं: ‘धन्यवाद! प्रयत्न चालू ठेव!’

नानांना मेसेज गेला: ‘आपला पाल्य अपूर्णांकांत लाल पट्ट्यात आहे. कृपया घरी लक्ष द्यावे.’ नाना म्हणाले, हे मी हा सहावीत असल्यापासून सांगतोय, कुणी ऐकलं नाही. संध्याकाळी शेजारच्या काकांनाही सांगितलं.

११ सप्टेंबर

वर्गात पहिली चाचणी. शाळेचे सहा टॅब, आणि नेटवर्क फक्त पिण्याच्या पाण्याच्या नळांजवळ येतं. सगळी सहावी नळांजवळ उभी केली. दोघांचे मोजे भिजले. पण काय सांगू, मुलं टॅब सोडायला तयार नव्हती! धपाक, धपाक, आणि हशा. घंटा झाली तरी हलेनात. माझ्या तासाला मुलं घंटेनंतर थांबलीत असं आजवर झालेलं नाही. डोळे भरून आले.

निकष अकरा, गोडी: पूर्ण गुण.

नव्या बाई पाणी प्यायला आल्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, सर, ही मुलं हत्तीला पाडायला मुद्दाम चुकतायत का? मी म्हणालो, बाई, आनंदातून शिक्षण होतं. चांगलं काही बघवत नाही लोकांना.

१३ सप्टेंबर

मधल्या सुट्टीत घरी गेलो तर जेवणाच्या टेबलावर ताट नाही. पाण्याने अर्धा भरलेला लिटरचा जग आणि पाव लिटरचे पेले मांडलेले. नाना हातात फूटपट्टी घेऊन बसलेले.

विचारलं, अर्ध्याला पावने भागलं तर किती? म्हटलं, उलटा करून गुणायचं, दोन. म्हणाले, दोन काय? म्हटलं, दोन. म्हणाले, दोन काय, म्हशी? मग जगातलं पाणी पेल्यांत ओतून दाखवलं. दोन पेले भरले. अर्ध्यात पाव दोनदा मावतो, म्हणून दोन. भागाकार करून उत्तर मोठं का आलं ते कळलं का आता, म्हणाले.

हे मला माहीत होतंच. फक्त असं माहीत नव्हतं. वर्गात एका मुलीने एकदा विचारलं होतं की भागल्यावर वाढतं कसं. तिला खाली बसायला सांगितलं होतं, कारण पोर्शन राहिला होता.

जेवण राहिलं. उपाशीपोटी पुढचे तास घेतले. एकावन्नाव्या वर्षी बापाकडून फूटपट्टी! पडली नाही, पण टेबलावर आपटली.

१६ सप्टेंबर

भयंकर दिवस.

सहावीच्या घरोघरी एकाच वेळी मेसेज गेले. सगळी सहावी लाल. सकाळी फाटकाशी पालकांचा घोळका. एक आई रडत होती. तिच्या मुलीचा वर्गात पहिला नंबर असतो आणि ॲप म्हणतंय तिला पाव आणि अर्धा यांतला फरक कळत नाही. एक शिंपीकाका सुई शर्टात टोचूनच आले होते. मोठ्या बाईंनी मला ऑफिसात बोलावलं. मी सांगितलं की लाल हा सुरुवातीचा रंग आहे, सूर्यसुद्धा उगवताना लालच असतो. मोठ्या बाईंनी शाळेचं वेळापत्रक पुढे ओढलं. मग म्हणाल्या, नव्या बाई आजपासून शाळा सुटल्यावर मुलांचे जादा तास घेतील.

म्हणजे डाव साधला. मी काम करायचं आणि वाहवा त्यांची. बाहेर आलो तो सरळ चुकीच्या वर्गात शिरलो. हे आपलं चहामुळे.

१९ सप्टेंबर

अहवालाशिवाय आता तरणोपाय नाही. तो असा झाला पाहिजे की वाचून संस्थेने मला मिठी मारावी.

अडचण: अडीच पानांतच संपला. हत्तीच्या कंपनीचा टायवाला माणूस परवा शाळेत येऊन मला सर, तुम्ही व्हिजनरी आहात, असं म्हणून गेला होता. त्याचं माहितीपत्रक काढलं. त्यातली चांगली वाक्यं घेतली. एक तर सोन्यासारखं: ‘या ॲपमुळे एकच शिक्षक दोन तुकड्या सहज सांभाळू शकतो.’ ते शेवटी, ठळक अक्षरांत.

हिला अहवाल वाचून दाखवला. ही इस्त्री करत होती. शेवटचं वाक्य तिने पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, हे ठेवायचंच आहे का? म्हटलं, हा अहवालाचा आत्मा आहे. ही म्हणाली, हात दाखवून अवलक्षण, आणि माझा शर्ट उलटा करून इस्त्री करू लागली. बायकांना तंत्रज्ञान समजत नाही.

अहवाल दिला.

२३ सप्टेंबर

मोठ्या बाईंनी अहवाल वाचला. म्हणाल्या, विचार करण्यासारखा आहे. अठ्ठावीस तारखेला हॉलमध्ये संस्थेचे अध्यक्ष आणि पालक यांच्यासमोर ॲप चालवून दाखवा, बदलीचं त्यानंतर ठरवू. मी जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरलो.

संध्याकाळी ध्यानात आलं. विद्यार्थी म्हणून शिरताना मी सहावीच्याच वर्गाचा कोड टाकला होता. म्हणजे हॉलच्या पडद्यावर सहावीची यादी येणार, आणि शेवटी माझं नाव येणार. लाल.

२४ सप्टेंबर

नाव काढायचा प्रयत्न. शिक्षकाला विद्यार्थी काढता येत नाही, पालकाची संमती लागते. कस्टमर केअरवर चाळीस मिनिटं हत्तीचं गाणं ऐकलं. शेवटी एक मुलगी म्हणाली, बाबांना सांग, ‘हो’ असा मेसेज पाठवतील.

बाबांना सांगितलं. नाना म्हणाले, नाही. नाव काढून घेणं म्हणजे परीक्षेतून पळून जाणं. आपल्या घरात ते चालणार नाही. हातापाया पडलो. मग नोकरीचा प्रश्न आहे, बदली झाली तर दुपारी तुमच्याकडे कोण बघणार, हेही बोलून गेलो. बोलायचं नव्हतं. नाना उठले. मग पेले मांडायला लागले.

२६ सप्टेंबर

एकच मार्ग: हिरवं व्हायचं. निदान पिवळं.

सकाळी सराव. मधल्या सुट्टीत सराव, नाना समोर. घास तोंडात आणि पाऊण मीटर दोरीचे पाव मीटरचे तुकडे स्क्रीनवर. हत्ती सतरा वेळा पडला. प्रत्येक वेळी नाना डोळे मिटून घेतात. हत्ती हसतो असं मला वाटायला लागलंय. हिने विचारलं, जेवलात का? मी म्हणालो, पाऊण.

नाना एकदाही ओरडले नाहीत. हे फार वाईट लक्षण आहे.

२७ सप्टेंबर

लाल.

संकल्प: उद्या यादी उघडायचीच नाही. फक्त हत्ती दाखवायचा. यादीचं बटण वर कोपऱ्यात आहे, तिकडे बोट न्यायचं नाही. झालं. इतका साधा उपाय आधी का सुचला नाही?

२८ सप्टेंबर, संध्याकाळ

लिहावं की नाही. लिहितो.

हॉल भरलेला. पुढे अध्यक्ष, मोठ्या बाई. मागे पालक. नेटवर्कसाठी शिपायाने नळापासून हॉलपर्यंत वायर ओढली होती. सुरुवात झकास. अध्यक्षांनाच टॅब दिला. त्यांनी पहिलं उत्तर बरोबर दिलं, हत्तीने फूल दिलं, अध्यक्षांनी मान हलवली. दुसरं चुकलं. धपाक. अध्यक्ष इतके हसले की चष्मा काढून पुसला. मग तिसरं, चौथं, पाचवं सरळ मुद्दाम चुकवलं. हॉलभर हशा. बाजी मारली असं वाटलं. हत्ती शेवटचा पडला तेव्हा अध्यक्षांनी आनंदाने टॅबवर थाप मारली, ती वरच्या कोपऱ्यात.

यादी उघडली. सहावीची सगळी मुलं, नव्या बाईंच्या जादा तासांमुळे निम्मी पिवळी झालेली. सगळ्यात शेवटी माझं नाव. लाल. आधी एक मुलगा हसला. मग सगळे.

आणि मागून नाना उभे राहिले.

मला माहीत नव्हतं ते आलेत. ॲपने सगळ्या लाल पालकांना मेसेज पाठवला होता: ‘पाल्याची प्रगती समजून घेण्यासाठी उद्याच्या सभेला उपस्थित राहावे.’ नानांनी कधी सभा चुकवली आहे? कोट घालून, भिंग खिशात ठेवून, गल्ली एकटे ओलांडून आले होते. म्हणाले, नमस्कार, त्या शेवटच्या नावाचा पालक मी. हॉल अजून हसत होता. नाना थांबले. वर्ग शांत होईपर्यंत ते नेहमीच थांबायचे. मग म्हणाले, मुलगा कष्टाळू आहे. नियम पाठ आहेत, समज थोडी कच्ची आहे. मी आहे तोवर घरी बसून घेईन. पण तेवढं त्याला इथेच ठेवा, लांब पाठवू नका.

कुणी हसलं नाही. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. नव्या बाई खाली बघत होत्या. नानांना हाताला धरून घरी आणलं.  फाटकाशी म्हणाले, हत्ती चांगला आहे.

३० सप्टेंबर

आनंदाची बातमी. हत्तीचं ॲप मंजूर! माझा अहवाल अध्यक्षांना फार आवडला. सभेत तो मोठ्याने वाचला गेला.

दुसरी बातमी. मोठ्या बाईंनी ऑफिसात बसवलं, पाणी दिलं. म्हणाल्या, सर, तुमच्याच शब्दांत सांगते, एकच शिक्षक दोन तुकड्या सहज सांभाळू शकतो. मी म्हणालो, हो, पण ॲप कोण चालवणार? त्या म्हणाल्या, चालवायला अगदी सोपं, निकष एक, पूर्ण गुण, हेही तुम्हीच लिहिलंय. पालकांनी नव्या बाईंना मागितलंय. नव्या बाई मात्र येऊन म्हणाल्या होत्या की मी जाते पलीकडे, सरांच्या घरी वडील आहेत. पण अध्यक्षांनी सही केली होती.

नदीपलीकडे. सोमवारपासून.

पाणी प्यायलो. तो पेला पाव लिटरचा होता. असल्या गोष्टी हल्ली नजरेत भरतात.

३० सप्टेंबर, जेवणानंतर

नीट विचार केला. ही बदली नाही. पलीकडे ॲप पोचलेलंच नाही. तिथे अनुभवी माणूस हवा, म्हणून मला पाठवतायत. एका अर्थी बढती. हिला हे सांगितलं. हिने माझ्या ताटात आणखी भात वाढला.

नानांना सांगायचं राहिलं. त्यांना कळलंय. गॅसच्या शेगडीवर कागद चिकटवलाय: ‘बंद कर.’ अक्षर त्यांचंच.

५ ऑक्टोबर

पलीकडच्या शाखेत नेटवर्क नाही. नळसुद्धा एकच. ॲपचं नाव काढलं तर तिथले सर म्हणाले, आधी बाकं येऊ देत. तपासणीसाठी मिळालेला टॅब आता घरीच ठेवून जातो. माझं विद्यार्थ्याचं खातं त्यातच आहे, पण ते आता कोण उघडतंय. समिती बरखास्त. पुन्हा हत्तीचं तोंड बघणार नाही.

मधल्या सुट्टीत घरी फोन करतो. ही सकाळी जेवण झाकून जाते. मी विचारतो, गॅस बंद आहे ना? नाना म्हणतात, मी कामात आहे, आणि फोन ठेवतात. ब्याऐंशीव्या वर्षी कसलं काम? भीती वाटते. तिसऱ्या तासाला मुलांची हजेरी दोनदा घेतली. कुणी हसलं नाही, त्यांना वाटलं पद्धत असेल.

९ ऑक्टोबर

नानांनी जेवताना फोन पुढे केला: ‘अभिनंदन! आपला पाल्य पिवळ्या पट्ट्यात आला आहे.’

मी तर टॅबला हातही लावलेला नाही. कंपनीने ॲप सुधारलं असणार. माझी तक्रार शेवटी वरपर्यंत पोचली. उशिरा का होईना, यंत्राला माणूस ओळखता आला. हिला सांगितलं. ही नानांकडे बघत होती.

१५ ऑक्टोबर, संध्याकाळ

आज पाण्याची टाकी फुटली म्हणून शाळा लवकर सुटली. नानांना दोन घास गरम करून वाढता येतील म्हणून स्टॉपपासून जवळजवळ पळत आलो. बरोबर मधल्या सुट्टीची वेळ.

दार नुसतं लोटलेलं. टेबलावर जग, आणि ओळीने पेले. जेवण झाकलेलं, तसंच. नाना टॅबवर ओणवे होऊन, एका हातात भिंग, दुसऱ्या हाताच्या बोटाने दोरीचे तुकडे सरकवत होते. बोट थरथरत होतं, म्हणून मनगट दुसऱ्या पेल्यावर टेकवलेलं. हत्ती पडला की डोळे मिटायचे आणि पुन्हा सुरू. वर कोपऱ्यात माझं नाव.

गॅस बंद होता.

मी आत गेलो नाही. नानांनी जन्मात कुणाचा अभ्यास करून दिलेला नाही. लेक शाळेत असताना तिची वही एकदा हिच्या हातात दिसली, तर घर डोक्यावर घेतलं होतं. आवाज न करता दार ओढून घेतलं आणि गल्लीच्या टोकाला, जुन्या शाळेच्या भिंतीशी, नेहमीच्या वेळेपर्यंत उभा राहिलो. आतून सहावीचा आवाज येत होता. धपाक, आणि हशा. मला खूप रडू आलं. इथे दुसरं कारण लिहिणार होतो, पण सुचलं नाही.

नेहमीच्या वेळी बेल वाजवून घरी गेलो. नाना आरामखुर्चीत, पेले धुऊन पालथे घातलेले. फोन पुढे केला: ‘अभिनंदन! आपला पाल्य हिरव्या पट्ट्यात आला आहे.’ म्हणाले, हे आता अध्यक्षांना दाखव, म्हणजे तुला परत बोलावतील.

मी म्हणालो, उद्याच दाखवतो.

मग त्यांनी भिंग लावून खालची ओळ वाचली. दोन उत्तरं चुकली होती. मी बघितलं, दोन्हीकडे तीनच्या जागी आठ. नाना म्हणाले, हे काय? इतकं येत असून दोन चुका? लक्ष कुठे असतं तुझं?

म्हटलं, चुकलं, नाना. पुढच्या वेळी नीट करतो.